गिलासावर गिलास

युसूफ, तुझ्या नंबरवरून फोन आला तेव्हा मी वर्गात फिजिक्समधले तरंग शिकवत होतो. तुझा फोन कायम माझ्या तासालाच यायचा, त्यामुळे वर्गाबाहेर येऊन हॅलो म्हणायच्या आधी मी शिवी घातली. पलीकडे तुझा इम्रान होता. "चाचा," एवढंच म्हणाला आणि थांबला. बापाच्या मरणाची बातमी सांगायला फोन केलेल्या पोराला आधी बापाला घातलेली शिवी ऐकावी लागली. ती तुझीच होती, तुला पोचली असं समज.

मयतीला आलो, खांदा दिला, माती दिली, चार लोकांसारखा उभा राहिलो आणि घरी गेलो. त्या दिवशी रडू आलं नाही. ते दुसऱ्या दिवशी दाढी करताना आलं, अर्ध्या तोंडाला फेस असताना, आणि बायको दारात येऊन उभी राहिली तरी थांबेना. पण मी रडगाणं सांगायला बसलेलो नाही. आपला एक वाद राहिला आहे, आणि मधेच उठून गेलं की जिंकलं असं होत नाही. तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. दर वेळी तू गोष्टीत आपल्या सोयीने फेरफार करायचास. या वेळी तुला मधे बोलता येणार नाही.

भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली होती आणि लातुरात दोनच विषय चालायचे, भूकंप आणि मेरिट. सगळ्या मराठवाड्यातून आईबाप पोरांना पत्र्याची पेटी, गादीची वळकटी आणि लाडवांचा डबा देऊन लातूरच्या स्टँडवर उतरवत होते. मी कंधारचा, तू नांदेडचा. आपल्यासोबत भोकरचा एक पोरगा होता, तो पहिल्याच चाचणीचे मार्क लागल्यावर घरी निघून गेला तो परत आला नाही. काकूंच्या मागच्या खोलीत तीन खाटा होत्या. दोन आपल्या, तिसरी रिकामी.

काकू आपल्या घरमालकीण. औशाकडच्या एका खेड्यातून भूकंपानंतर लातूरला आलेल्या, एकट्या. भाडेकरू म्हणून फक्त बारावीची पोरं ठेवायच्या. आपण पेट्या ठेवल्या त्या दिवशी त्यांनी आपली नावं विचारायच्या आधी खोलीतल्या फळीवर एक स्टीलचा गिलास उपडा ठेवला, त्याच्या बुडावर दुसरा गिलास सुलटा उभा केला, त्यात चार चिंचोके टाकले आणि फळीच्या खाली जमिनीवर परात मांडली. जमीन जराशी हलली तरी वरचा गिलास परातीत पडणार आणि मेलेला माणूसही उठेल इतका आवाज होणार. त्या गल्लीत घरोघरी असं काहीतरी होतंच. कुणाकडे बाटलीवर बाटली, कुणाकडे दाराच्या कडीला टांगलेली घंटा.

"हात लावायचा न्हाई," काकू म्हणाल्या. "पडला की पळायचं. चप्पल बी घालायची न्हाई."

तू मान डोलावलीस आणि त्या गेल्यावर हसलास. तुझ्या डोळ्यांत मात्र तेव्हाच काहीतरी चमकलं होतं. तू तो गिलास एक डोळा मिटून, दोन हातांच्या चौकटीतून बघत होतास. मला वाटलं, नांदेडचं पोरगं जरा हुकलेलं आहे. तुझ्या अब्बांचं नांदेडला लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे आणि तू चालायला लागल्यापासून वऱ्हाडात लाईट धरून उभा आहेस, हे मला नंतर कळलं. अब्बांनी तुला डॉक्टर व्हायला धाडलं होतं. तू बायोलॉजीच्या वहीत बेडकाच्या बाजूला कॅमेऱ्याचे कोन काढायचास.

पिक्चरची कल्पना तुझी, गोष्ट माझी. इथे वाद नको. रिकाम्या खाटेकडे बघत मीच म्हणालो होतो की समजा त्या खाटेवर कुणीतरी राहतंय, फक्त आपल्याला दिसत नाही. खोलीत दोघं राहतात, पण सकाळी तिसऱ्या खाटेवरची चादर चुरगळलेली असते. चाचणीचा निकाल लागतो आणि यादीत तिसरंच नाव पहिलं येतं. तू उठून बसलास. पिक्चरचं नाव 'तिसरी खाट' हे तू तिथल्या तिथे ठरवलंस, आणि लगेच हेही ठरवलंस की पिक्चर काढायचाच नाही, फक्त ट्रेलर काढायचा. पिक्चरला वर्ष लागतं, वर्षात बारावी आहे. शिवाय तुझं म्हणणं असं की लोकांच्या लक्षात ट्रेलरच राहतो, पुढचे तीन तास ते नुसते खुर्चीचे पैसे वसूल करतात. गॅदरिंगला ट्रेलर दाखवायचा आणि शेवटी लिहायचं, लवकरच येत आहे. ते कधीच येणार नाही हे फक्त आपल्या दोघांना माहीत असणार, यात तुला भलतीच गंमत वाटत होती.

मग आपले रविवार गेले ते गेलेच. चाचणीच्या पेपरच्या कोऱ्या बाजूवर तू एकेक शॉट काढायचास आणि मी खाली संवाद लिहायचो. 'खोलीत दोघं राहतात. मग अभ्यास कोण करून राहिलंय?' हे वाक्य माझं. ते तू पुढे आयुष्यभर स्वतःचं म्हणून सांगितलंस. लग्नसराई संपल्यावर तू अब्बांना काहीतरी थाप मारून तो खांद्यावरचा मोठा कॅमेरा लातूरला आणलास, गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन. कंडक्टरने विचारलं तेव्हा भाचा आजारी आहे म्हणालास.

कंधारच्या किल्ल्यातलं शूटिंग आठवलं की मला अजून चावल्यासारखं होतं. मी खंदकाच्या काठावर मरून पडलोय आणि तिसऱ्या खाटेवरचा तो, म्हणजे तुझ्या खांद्यावरचा कॅमेराच, माझ्याकडे चालत येतोय, असा शॉट. रक्त म्हणून तू गुळाच्या पाकात कुंकू कालवलं होतंस. ऊन, गूळ आणि कंधारच्या मुंग्या. मी मेलेल्या माणसाच्या मानाने बराच वेळ गप्प पडून होतो, पण मुंगी कानात शिरल्यावर प्रेताने स्वतःच्याच थोबाडीत मारली. वर शेळ्यांचा एक कळप नेमका चौकटीत आला आणि त्यातली एक माझं रक्त चाटायला लागली. तू कॅमेरा बंद केला नाहीस. हसून हसून तुझा खांदा हलत होता, त्यामुळे तो सगळा शॉट हललेला आला आणि तो ट्रेलरमध्ये सगळ्यात भीतिदायक दिसला. चुकून झालेलं तुला नेहमी मुद्दाम केलेल्यापेक्षा जास्त साधायचं.

आता गिलासाकडे येतो.

तुला तो गिलास हवाच होता. पहिल्या दिवसापासून तुझ्या डोक्यात होतं की ट्रेलर त्या गिलासाने सुरू झाला पाहिजे. कुणी दिसत नाही, पावलंही दिसत नाहीत, फक्त वरचा गिलास थरथरतो, चिंचोके वाजतात आणि तो पडतो. मी आठवण करून दिली की हात लावायचा नाही असं काकूंनी बजावलंय. तू म्हणालास, हात कोण लावून राहिलंय, आपण फळी हलवू. बारावी सायन्सची दोन पोरं, आपल्याला हा बिनतोड युक्तिवाद वाटला. रविवारी दुपारी काकू बाजाराला जायच्या, तेवढ्यात उरकायचं ठरलं. तिसऱ्या खाटेवर आपण दोन उशा आणि वळकटी उभी-आडवी लावून वर चादर ओढली, कुणीतरी डोक्यावरून घेऊन झोपल्यासारखी. कॅमेरा स्टँडवर लावलास, चालू केलास, आणि मी भिंतीशी बसून फळीच्या टेकूला पायाने हळूहळू हिसके द्यायला लागलो.

त्या दिवशी काकू बाजाराला गेल्या नव्हत्या. डोकं दुखत होतं म्हणून पुढच्या खोलीत झोपल्या होत्या. आपल्याला काय ठाऊक.

गिलास पडला. परात इतक्या जोरात वाजली की मीच दचकलो आणि मग आपण दोघं हसायला लागलो, शॉट जमला म्हणून. हसू तोंडात असतानाच शेजारच्या घरातून बाईचा आवाज आला, "भूकंप, भूकंप," आणि पुढच्या क्षणी गल्लीतल्या सगळ्या कड्या एकदम निघाल्या. लोक दुपारच्या झोपेतून उठून पळत होते. आपलं दार आदळून उघडलं आणि काकू आत आल्या. मला सदऱ्याच्या गळ्याला धरलं, तुला दंडाला. त्या बाईंच्या अंगात एवढी ताकद होती हे मला त्याआधी माहीत नव्हतं. आपण बोलायचा प्रयत्न करत होतो, पण त्यांनी आपल्याला अनवाणी, फरफटत गल्लीच्या मधोमध नेऊन सोडलं आणि त्या परत घरात धावल्या. मला वाटलं, पैशांची पिशवी आणायला गेल्या असतील.

गल्लीत कुणाच्या काखेत पोर होतं, कुणाच्या हातात कढईचा झारा. शेजारचे गुरुजी बनियनवर, हातात पंचांग धरून उभे होते, ते का उचललं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. जमीन हलत नाही हे हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं आणि मग सगळ्यांनी आपल्याकडे बघितलं. शूटिंग, असं तूच म्हणालास. गुरुजींनी माझा कान धरला, तुझा धरला नाही, कारण तू शहरातला पाहुणा दिसायचास. काकू बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. हातात काही नव्हतं. ओट्यावर बसल्या. आपण खाली मान घालून पुढे गेलो, आता खोली सोडा म्हणतील असं वाटत होतं.

"गिलास पडला तवा पळाला का न्हाई तुमी?" त्यांनी विचारलं. "हसत का बसला?"

दुसरं काही बोलल्या नाहीत. शूटिंगबद्दल नाही, फळीबद्दल नाही. त्यांना त्याच एका गोष्टीचा राग आला होता. संध्याकाळी गुरुजींनी आपल्याला बोलावून सांगितलं की भूकंपाच्या पहाटे ती बाई पाणी तापवायला अंगणात आली होती म्हणून वाचली. दोन्ही पोरं आत झोपलेली. ती दाराला हात घालेपर्यंत घराचं मातीचं माळवद खाली बसलं होतं. त्या दिवशी तू जेवला नाहीस. मी जेवलो.

पुढच्या सुट्टीत आपण ट्रेलर जुळवायला नांदेडला तुमच्या दुकानात गेलो. एका व्हीसीआरवर कॅसेट चालवायची, दुसऱ्यावर उतरवून घ्यायची, बोट बटणावर. एक शॉट जोडायला अर्धा तास. आणि अब्बांचं व्हिडिओ मिक्सर लग्नाच्या शूटिंगसाठी घेतलेलं, त्यामुळे एका शॉटमधून दुसऱ्यात जायचं तर बदाम, गुलाब किंवा मोर यांच्या आकारातूनच जावं लागायचं. माझं प्रेत बदामात आलं. तिसरी खाट मोराच्या पिसाऱ्यातून निघाली. तू डोक्याला हात लावून बसला होतास आणि मी शेळीचा शॉट पुन्हा पुन्हा लावून हसत होतो. तेवढ्यात ती रविवारची कॅसेट लागली.

गिलास थरथरला. चिंचोके वाजले. पडला. आपलं हसणं ऐकू आलं. मग दार, मग काकू, डोक्यावर पदर नाही, केस सुटलेले. आपल्याला ओढून त्या चौकटीबाहेर गेल्या. तू बंद करायला हात पुढे केलास, पण खोली रिकामी दिसत होती आणि कॅसेट चालूच होती. आणि काकू परत आत आल्या.

त्या पिशवीकडे गेल्या नाहीत. तिसऱ्या खाटेकडे गेल्या. झोपलेल्याला त्यांनी खांद्याला धरून हलवलं, मग चादर ओढली. उशा निघाल्या. त्या उशांकडे बघत त्या उभ्या राहिल्या. कॅमेऱ्याला त्यांचा चेहरा पूर्ण दिसत होता. मग त्यांनी उशा सारख्या केल्या, चादरीची घडी घातली, पायथ्याशी ठेवली आणि बाहेर गेल्या.

बाहेर अब्बा गिऱ्हाईकाशी अल्बमच्या कव्हरबद्दल बोलत होते. मी म्हणालो, हा आपला ट्रेलर. बाकी सगळं काढून टाक, किल्ला, शेळी, बदाम, सगळं. फक्त हा ठेव. असा शॉट जन्मात पुन्हा मिळणार नाही. तू कॅसेट मागे घेतलीस. मला वाटलं पुन्हा बघतोयस. मी चहा सांगायला खाली उतरलो आणि वर आलो तेव्हा तू कॅमेऱ्याच्या तोंडावर टोपण लावून त्याच कॅसेटवर रेकॉर्ड दाबलं होतंस. काकूंच्या चेहऱ्यावर अंधार चढत होता. मी तुझ्या अंगावर गेलो. चहा सांडला, अब्बा धावत आले, त्यांना वाटलं पैशांवरून भांडतोय.

"बाल्या," तू म्हणालास, "ती आपल्याला बाहेर काढायला आली होती. पिक्चरमधी काम करायला न्हाई."

मी म्हणालो, तेच तर लोकांना दाखवायला पाहिजे. बस, तिथून आपला वाद सुरू झाला आणि मागच्या महिन्यात तू माझ्या घरी जेवायला आलास तेव्हाही चालूच होता.

ट्रेलरमध्ये तू तो अंधारच वापरलास. सगळ्यात आधी काळा पडदा, काहीच नाही, मग परातीचा आवाज. गॅदरिंगला बेंचवर बेंच चढवून दोन टीव्ही ठेवले होते. बदामात माझं प्रेत आलं तेव्हा हॉल हसून कोसळला, पण त्या काळ्या पडद्यावर आवाज झाला तेव्हा मागच्या रांगेतली अर्धी पोरं खरोखर उठून दाराकडे गेली होती. लातूरची पोरं ती. तू मला कोपराने ढोसलंस. पुढे कितीतरी वर्षं तू मला ऐकवलंस की काही दिसलं नाही तेव्हाच लोक घाबरले. मी कधी मान्य केलं नाही. कारण माझ्याकडे हुकमी पान होतं, आणि ते काकूंनीच माझ्या हातात दिलं होतं.

काकू गॅदरिंगला आल्या होत्या. तूच बोलावलंस. नवं पातळ नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. संपल्यावर आपल्यापाशी आल्या आणि हळूच विचारलं, "माझं न्हाई आलं का रं त्याच्यात?"

तुझा चेहरा मी विसरणार नाही. म्हणजे त्या घाईतही त्यांनी कॅमेरा बघितला होता. आपण त्यात आलोय हे त्यांना माहीत होतं, आणि त्या बघायला आल्या होत्या. तू म्हणालास, कॅसेट खराब झाली काकू. त्या "बरं झालं," म्हणाल्या. "डोक्यावर पदर न्हवता माझ्या."

आता बोल. मी पंचवीस वर्षं म्हणत आलो की त्या हिरमुसल्या होत्या. गावाकडच्या त्या घरात पोरांचे फोटो, लग्नाचा फोटो, सगळं दगडमातीखाली गेलं होतं. त्या बाईचं जगात कुठे चित्र नव्हतं, एक होतं ते तू टोपण लावून पुसलंस. तू म्हणायचास, त्यांना सुटल्यासारखं झालं, 'बरं झालं' हे तू नीट ऐकलंच नाहीस. आपण दोघांनी तेच दोन शब्द ऐकले होते आणि दोघांनी दोन वेगळ्या बायका बघितल्या होत्या. एकदा तर आपण या वादापायी वर्षभर बोललो नाही. भाभीने मिटवलं, शीरखुर्म्याचा डबा माझ्या घरी पाठवून, तुझ्या नकळत.

बारावीनंतरच्या दिवाळीत तू एकटाच लातूरला जाऊन काकूंचा फोटो काढून आलास हे तू मला सांगितलं नव्हतंस. मला तो त्यांच्या घरातच दिसला. दारात खुर्चीवर बसलेल्या, पदर डोक्यावरून कानामागे नीट खोचलेला, चेहरा असा की आता कुणाला तरी रागावतील. काकू गेल्या तेव्हा त्याच फोटोला हार घातला होता. मी तिथे उभा राहून मनात म्हणालो, चल, अर्धा वाद तुझा. अर्धाच.

तुला मेडिकल मिळालं नाही, अब्बा वर्षभर धुमसले, आणि तू दुकानात बसलास. मी विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झालो आणि शेवटी क्लासमध्ये खडू धरला. दोघांनाही आपापल्या जागी बरं चाललं होतं. तुझं जरा अडायचं, ते तुझ्याच खोडीमुळे. पाठवणीच्या वेळी नवरी रडायला लागली की तू कॅमेरा खाली घ्यायचास. नवरीची आई कोसळली की तू बँडवाल्याचं शूटिंग करायचास. गिऱ्हाइकं भांडायची, रडणं कुठंय म्हणायची. मी तुला कितीदा समजावलं की बाबा, लोक रडण्याचेच पैसे देतात. तू म्हणायचास, हौ, म्हणूनच आपण लखपती न्हाई झालो. आणि मग तूच सगळ्यात मोठ्याने हसायचास. नांदेडातली निम्मी लग्नं तुझ्या कॅसेटांत कुणीही न रडता पार पडली आहेत.

लग्नानंतर पहिल्यांदा तुझ्या घरी आलो तेव्हा कपाटावर गिलासावर गिलास बघितला. खाली परात. मी चेष्टा केली की नांदेडला कशाला रे, भाभी काय म्हणत असेल. सवय, म्हणालास. पोरं झाली, घर बदललं, फरशा बसल्या, गिलास तिथेच. मधे आपल्या भागात सकाळी सकाळी धक्का बसला, खिडक्या वाजल्या, मी घाबरून फोन केला तर तू म्हणालास, गिलास पडला न्हाई, म्हणजे तो भूकंप न्हाई, चहा पी. तुझा तो आवाज आता कानात आहे आणि पुढे किती दिवस राहील माहीत नाही. तुझ्याकडे हजार लोकांच्या कॅसेटा आहेत. तू त्यातल्या एकीतही नाहीस, कारण कॅमेरा तुझ्या हातात.

तिसऱ्या दिवशी, जियारतीच्या दुआला, तुझ्या घरी आलो. पुढच्या खोलीत माणसं बसली होती, इम्रान सगळ्यांना पाणी देत होता, तुझ्यासारखाच वाकून. मी कोपऱ्यात बसलो होतो. तुझ्या भावाने कपाटातून चादरी काढायला दार ओढलं आणि वरचा गिलास गेला. परातीत पडला. चिंचोके फरशीवर सांडले. सगळे दचकून बाहेरच्या दाराकडे वळले, मग कुणीतरी म्हणालं, कुछ नहीं, गिलास गिरा.

मी तोपर्यंत जागेवर नव्हतो, युसूफ. मी आत होतो, तुझ्या खोलीत. कसा उठलो, माणसांमधून कसा गेलो, आठवत नाही. तुझ्या पलंगावर कुणीतरी पांघरूण घेऊन पडलं होतं आणि मी त्याला खांद्याला धरून हलवलं आणि पांघरूण ओढलं. पाहुण्यांच्या उशा होत्या. रात्रीच्या, गोळा करून झाकून ठेवलेल्या.

किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. माझं तोंड कसं झालं असेल तेही मला माहीत नाही, आणि ते कुणाला कधी माहीत होणार नाही. पंचवीस वर्षं मी तुझ्याशी ज्या गोष्टीसाठी भांडलो, ती मला तिथे उभ्या उभ्या समजली आणि मान्य करायला समोर तू नाहीस. मग मी उशा सारख्या केल्या, पांघरुणाची घडी घातली, पायथ्याशी ठेवली. बाहेर आलो तर इम्रान फरशीवर बसून चिंचोके वेचत होता. त्याने गिलासावर गिलास उभा केला आणि माझ्याकडे बघितलं, बरोबर आहे का म्हणून. मी मान हलवली.

खोलीत कॅमेरा नव्हता, युसूफ. बरं झालं.